समुद्रापार जाणारी मेंढरे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गोठवलेले मांस जहाजाने सहज पाठवता येत असताना अरब देश जिवंत शेळ्यामेंढ्या का मागवतात, आणि सोमालियासारखा गरीब देश या व्यापारात इतका पुढे कसा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : रोजच्या खाण्यासाठी सौदी अरेबिया गोठवलेले मांसही भरपूर आयात करतो, परंतु बकरी ईदची कुर्बानी जिवंत, ठरावीक वय पूर्ण झालेल्या आणि लंगडेपणा किंवा आंधळेपणा असे कोणतेही व्यंग नसलेल्या जनावराचीच द्यावी लागते. हज यात्रेच्या काळात मक्केजवळ मिना येथे अवघ्या तीन-चार दिवसांत लाखो जनावरे लागतात. ही गरज स्थानिक कळपांतून भागत नाही. या कुर्बानीचे मांस वाया जाऊ नये म्हणून 1983 मध्ये इस्लामिक विकास बँकेमार्फत सुरू झालेल्या योजनेतून ते गोठवून अनेक देशांतील गरिबांपर्यंत पोहोचवले जाते; म्हणजे मांस गोठवूनच बाहेर जाते, पण जनावर मात्र चालतेबोलतेच आत यावे लागते.

सोमालियाचे बळ त्याच्या भूगोलात आहे. एडनच्या आखाताच्या काठावरील बर्बेरा हे बंदर सौदीच्या जेद्दा बंदरापासून जहाजाने काही दिवसांच्याच अंतरावर आहे. काळ्या डोक्याच्या, पांढऱ्या अंगाच्या सोमाली मेंढ्या आणि शेळ्या आतल्या कोरड्या माळरानावर, तसेच इथिओपियाच्या सोमाली भागातही वाढतात. तेथून त्या दलालांच्या हस्ते बुराओ आणि हरगेसाच्या बाजारांत आणि पुढे ट्रकने बंदरावर येतात. समोरच्या किनाऱ्यावरील, येमेनच्या एडन बंदरातील ब्रिटिश छावणीला मांस पुरवण्यासाठी हाच मार्ग एकोणिसाव्या शतकात रुळला होता. अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार 2015 मध्ये सोमालियातून 53 लाख जनावरे निर्यात झाली आणि त्यांत शेळ्यामेंढ्यांचा वाटा सर्वांत मोठा होता.

मात्र या व्यापाराची खरी कसोटी रोगाच्या वेळी लागते. 1997-98 च्या अतिवृष्टीनंतर पूर्व आफ्रिकेत रिफ्ट व्हॅली ताप पसरला. हा विषाणू डासांमार्फत पसरतो, गाभण मेंढ्या एकाच वेळी मोठ्या संख्येने गर्भ टाकतात, आणि बाधित जनावराच्या रक्ताच्या संपर्कातून तो माणसालाही होतो. सौदी अरेबियाने 1998 मध्ये आयात थांबवली आणि पुढील वर्षी ती पुन्हा सुरू केली. पण सप्टेंबर 2000 मध्ये हाच ताप खुद्द सौदीच्या जिझान भागात आणि येमेनमध्ये उद्भवला, शंभराहून अधिक माणसे दगावली आणि बंदी पुन्हा लागू झाली. ती उठायला 2009 उजाडले. जवळजवळ नऊ वर्षे बर्बेराचा मुख्य ग्राहक बंद होता.

या बंदीमागची भीती खोटी नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. तरीही तिचा भार कोणावर पडला हे पाहिले की मन अस्वस्थ होते. व्यापाऱ्यांनी काही माल येमेन आणि संयुक्त अरब अमिरातींच्या वाटेने वळवला, पण मेंढपाळाला पडेल त्या भावात जनावर विकावे लागले. त्याच्या कळपात रोग आहे की नाही हे सिद्ध करणारी यंत्रणाच त्याच्याजवळ नव्हती. कारण सोमालियाचे सरकार 1991 मध्ये कोसळले होते, आणि त्याच वर्षी वेगळे झालेल्या, बर्बेरा ज्यात येते त्या सोमालीलँडच्या शासनाला जगाची मान्यता नव्हती. अशा शासनाच्या पशुवैद्याच्या सहीला परक्या बंदरात वजन यावे तरी कसे? अखेर बर्बेरा येथे सौदी व्यापाऱ्याच्या गुंतवणुकीतून विलगीकरण केंद्र उभे राहिले, तेथे रक्ततपासणी होऊ लागली आणि मगच दार उघडले.

प्रश्न : समुद्रप्रवासात जनावरांचे फार हाल होतात असे ऐकले. हे खरे आहे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : खरे आहे, आणि प्रवास जितका लांब तितके ते अधिक खरे आहे. 2003 मध्ये ‘कॉर्मो एक्स्प्रेस’ या जहाजातून ऑस्ट्रेलियाच्या सुमारे 57 हजार मेंढ्या सौदीला गेल्या. आपल्याकडे मेंढपाळ ज्याला ‘मावा’ म्हणतात त्या तोंडाच्या रोगाचे कारण देऊन सौदीने त्या नाकारल्या, आणि कोणताही देश घेईना म्हणून ते जहाज अनेक आठवडे समुद्रात भटकत राहिले. शेवटी त्या एरिट्रियाला फुकट देण्यात आल्या. तोपर्यंत पाच हजारांहून अधिक मेंढ्या मेल्या होत्या. 2017 मध्ये ‘अवासी एक्स्प्रेस’वर उकाड्याने सुमारे 2400 मेंढ्या मेल्या. त्याची चित्रफीत लोकांसमोर आल्यावर ऑस्ट्रेलियात जनमत पेटले, आणि 2024 च्या कायद्यानुसार तेथून समुद्रमार्गे होणारी जिवंत मेंढ्यांची निर्यात 1 मे 2028 पासून बंद होणार आहे. लहान अंतर म्हणजे सुरक्षितता असेही नाही : जून 2022 मध्ये सुदानच्या सुआकिन बंदरातच 15 हजारांहून अधिक मेंढ्यांनी, म्हणजे क्षमतेहून कितीतरी अधिक भरलेले जहाज बुडाले. हावरटपणाने भरलेल्या जहाजाला रोगाचीही गरज लागत नाही.

प्रश्न : आम्ही माडग्याळ मेंढ्या पाळतो. आमची जनावरे आखाती देशांत विकली जातील का? (एक मेंढपाळ, सांगोला)

उत्तर : वाट आहे, पण ती सरळ नाही. जून 2018 च्या अखेरीस नागपूर विमानतळावरून संयुक्त अरब अमिरातींतील शारजाला शेळ्यामेंढ्या पाठवण्याचा कार्यक्रम ठरला होता. जैन समाजाच्या आणि प्राणिप्रेमींच्या विरोधामुळे तो रद्द झाला. पुढे नाशिकजवळील ओझर विमानतळावरून मात्र शेळ्यामेंढ्या आखातात गेल्या. विरोध करणाऱ्यांच्या भावनेचा मी आदर करतो; परंतु वर्षभर उन्हापावसात कळपामागे फिरणाऱ्या धनगर कुटुंबाला अधिक भाव देणारा ग्राहक मिळावा, ही अपेक्षाही तितकीच न्याय्य आहे, असे माझे मत आहे. जनावराचा प्रवास तासांत संपणार असेल आणि जागा व पाणी पुरेसे असेल, तर या दोन्ही गोष्टींचा मेळ बसू शकतो.

आपण स्वतः निर्यातदार होण्याचा विचार तूर्त करू नये. कोणत्या चाचण्या हव्यात हे आयात करणारा देश ठरवतो आणि अंतिम आरोग्य प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेकडून घ्यावे लागते, ज्याचे कार्यालय मुंबईत आहे. हा खर्च एकट्या कळपाला झेपणारा नाही. पशुपालकांची कंपनी किंवा सहकारी संस्था करून परवानाधारक निर्यातदाराशी बोलणे श्रेयस्कर ठरेल. त्यापूर्वी प्रत्येक मेंढीच्या कानात ओळखीचा बारा अंकी बिल्ला मारून घ्या, पीपीआर (शेळ्यामेंढ्यांचा जीवघेणा साथीचा रोग), देवी आणि लाळ्या-खुरकूत यांच्या लसींची नोंद तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करून घ्या आणि ती जपून ठेवा. पीपीआरची आपल्याच देशात, उत्तराखंडातील मुक्तेश्वर येथे विकसित झालेली लस एकदा दिली की सुमारे तीन वर्षे संरक्षण देते. ग्राहक स्थानिक असो वा शारजाचा, भाव ठरवताना हा कागद प्रथम पुढे करा.