मधुमेह आणि व्यायाम : नुसते चालणे पुरेसे आहे का?

प्रश्न : माझे वय ५४ असून पाच वर्षांपासून मला टाइप २ मधुमेह आहे. गेले वर्षभर मी रोज पहाटे पाऊण तास चालतो. वजन ६४ किलो आहे, म्हणजे मी लठ्ठही नाही. तरीही उपाशीपोटीची साखर १४० च्या आसपास राहते आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.६ वरून हलत नाही. नोकरी दिवसभर बसून करण्याची आहे. येथील एका व्यायामशाळेचा बारा आठवड्यांचा ‘मधुमेह कार्यक्रम’ घ्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपले पहाटेचे चालणे वाया गेलेले नाही, मात्र त्याचा हिशेब आपण भलत्याच आकड्यावर मांडत आहात. उपाशीपोटीची साखर मुख्यतः यकृत रात्रभरात रक्तात किती साखर सोडते यावर ठरते आणि पहाटे काही संप्रेरके वाढत असल्यामुळे पुष्कळ रुग्णांत ती अंथरुणातून उठण्यापूर्वीच चढलेली असते. चालण्याचा गुण अधिक ठळकपणे दिसतो तो जेवणानंतरच्या साखरेवर. स्नायू काम करू लागले की रक्तातील साखर आत ओढून घेणारी प्रथिने इन्सुलिनची वाट न पाहता पेशींच्या पृष्ठभागावर येतात; ज्यांच्या शरीरात इन्सुलिनचे म्हणणे पेशी नीट ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे. व्यायामानंतर पेशींची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमताही एक-दोन दिवस सुधारलेली राहते, म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये, असे सांगितले जाते.

न्यूझीलंडमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिवसातून एकदा कधीही अर्धा तास चालणे आणि प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटे चालणे यांची तुलना केली होती. चालण्याचा एकूण वेळ तेवढाच असूनही जेवणानंतर चालल्यावर जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्क्यांनी, आणि रात्रीच्या जेवणानंतरची तर सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळली. आपल्याकडची शतपावली यापेक्षा वेगळी ती काय? फक्त शंभर पावले मिनिटभरात संपतात, त्यामुळे मधुमेहींनी त्यापुढे एक शून्य वाढवावे. पहाटेच्या पाऊण तासातील वीस मिनिटे काढून दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर दहा-दहा मिनिटे द्यावीत, आणि कार्यालयात दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटे उभे राहून पाय मोकळे करावेत.

खरी उणीव मात्र वेगळीच आहे आणि ती आपल्या ६४ किलोंत दडलेली असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे छापली होती : दोघांचाही उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाकडे स्नायू कमी आणि पोटाभोवतीची चरबी जास्त असते, हे त्या जोडचित्राने एका नजरेत दाखवले. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूंतच साठवली जाते. कोठारच लहान असेल तर धान्य अंगणात पडून राहणार. नुसत्या चालण्याने कोठाराची ये-जा वाढते, त्याचा आकार फारसा वाढत नाही.

त्यासाठी आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, सलग नव्हे तर एकाआड एक, मांड्या, नितंब, पाठ, छाती व खांदे या मोठ्या स्नायूंना वजनाचा किंवा स्वतःच्या शरीरभाराचा व्यायाम द्यावा. अमेरिकेत २६२ रुग्णांवर नऊ महिने चाललेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ चालणाऱ्यांत किंवा केवळ वजने उचलणाऱ्यांत एचबीएवनसी लक्षणीय उतरले नाही. जवळपास तेवढाच वेळ दोन्हींत विभागून देणाऱ्या गटात मात्र ते व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत ०.३४ ने घटले. हा आकडा लहान आहे हे मी लपवत नाही. व्यायाम हा आहार आणि औषधे यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

व्यायामशाळेचा कार्यक्रम वाईटच असतो असे नाही, आणि बारा आठवड्यांची मुदतही योग्य आहे, कारण एचबीएवनसी मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. पैसे भरण्यापूर्वी एवढेच पाहावे की तेथे आपली औषधे, रक्तदाब, डोळे आणि पाय यांची चौकशी होते का. ‘तीन महिन्यांत गोळ्या बंद’ असा फलक दिसला, तर तसेच परत फिरावे.

प्रश्न : मी ६१ वर्षांची असून गुडघे दुखतात. केर, फरशी, स्वयंपाक सगळे माझ्याकडेच आहे. सून म्हणते, आई, रोज चालायला जा. दिवसभर राबल्यावर आणखी वेगळा व्यायाम कशाला हवा?
– एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : आपले श्रम खरे आहेत आणि बसून राहण्यापेक्षा ते कितीतरी चांगले आहेत. परंतु घरकाम तुकड्यातुकड्यांनी होते व त्यात बहुधा तेच ते स्नायू वापरले जातात, त्यामुळे माणूस दमतो, पण हृदय व मांड्या यांना पुरेसे आव्हान मिळत नाही. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत श्वास वाढला तर तो मध्यम व्यायाम समजावा. आठवड्याला असा दीडशे मिनिटांचा व्यायाम अपेक्षित आहे. फरशी पुसताना तसे होते का, हे आपणच एकदा पाहावे.

गुडघ्यांसाठी चालण्याआधी मांड्या बळकट कराव्यात. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठबस करावी (सुरुवातीला हात टेकले तरी चालेल), ओट्याला धरून टाचा उचलाव्यात, भिंतीला तळवे टेकवून उभ्यानेच जोर काढावेत आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या डंबेल म्हणून वापराव्यात. श्वास रोखू नये. मांडीचे स्नायू सशक्त झाले की गुडघ्याची वेदनाही बऱ्याचदा कमी होते. सूनबाईंना सोबत घ्यायला हरकत नाही. मधुमेह घराण्यात उतरतो, म्हणजे निदान आपल्या मुलाने तरी या व्यायामाला बसावे.

प्रश्न : माझे वडील ७० वर्षांचे आहेत. ते ग्लायमेपिराइडची गोळी आणि रात्री इन्सुलिन घेतात. मागील महिन्यात बागेत फिरताना त्यांना दरदरून घाम सुटला आणि हात थरथरू लागले. तेव्हापासून ते चालायलाच तयार नाहीत.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : त्यांची भीती समजण्यासारखी आहे, साखर उतरल्याचीच ही लक्षणे दिसतात. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत असे सहसा होत नाही, पण शरीराला अधिक इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या ग्लायमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांच्यावर असताना व्यायाम केला की साखर दोन्ही बाजूंनी खाली खेचली जाते. त्यामुळे गोळी घेऊन उपाशीपोटी फिरायला जाणे बंद करावे आणि न्याहारीनंतर निघावे. निघण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर ९० च्या खाली असेल तर एखादे लहान केळे खावे. वाटेत ७० च्या खाली गेल्यास किंवा लक्षणे दिसल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बिस्किटातील स्निग्धांशामुळे ते हळू पचते, म्हणून आधी साखर, मग बिस्कीट. याउलट साखर तीनशेच्या वर असून अंगात कसकस असेल, तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी.

व्यायामासाठी रोज जास्त खात राहणे हा मात्र उपाय नव्हे. आठवडाभराच्या नोंदी वहीत लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात, म्हणजे औषधाची मात्रा कमी करता येईल. ती स्वतःहून बदलू नये. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असल्यास छातीतील धडधड जाणवत नाही, पण घाम सुटतोच, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे.

प्रश्न : मधुमेहामुळे माझ्या डोळ्यांच्या पडद्यावर लेसर उपचार झाले आहेत. शीर्षासन आणि गवतावर अनवाणी चालणे सुरू ठेवावे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नेत्रतज्ज्ञांनी पडदा पुन्हा तपासून परवानगी देईपर्यंत डोके खाली जाणारी आसने, उड्या आणि श्वास रोखून जड वजने उचलणे थांबवावे, कारण डोळ्यातील नाजूक रक्तवाहिन्या फुटू शकतात. सूर्यनमस्कारांतही डोके खाली जाते, तेव्हा त्यांविषयीही विचारून घ्यावे. अनवाणी चालणे तर नकोच. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला काटा रुतल्याचे जखम चिघळल्यावरच कळते. पुरेसे रुंद, बंद बूट आणि सुती मोजे घालून चालावे, आणि घरी परतल्यावर तळवे आरशात पाहावेत किंवा कोणाला तरी पाहायला सांगावेत.