फायबर, केबल, ५जी की उपग्रह: जिंकणारं तंत्रज्ञान ओळखून शेअर घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय की घराघरांत इंटरनेट पोचवायला इतकी तंत्रज्ञानं एकमेकांशी झुंजताहेत, तर त्यातलं जिंकणारं आधी हेरून त्या कंपनीचे शेअर घ्यावेत का. मी हेच केलं होतं, वायमॅक्स नावाच्या बिनतारी इंटरनेट तंत्राच्या दिवसांत. त्यावर इतकं वाचलं होतं की समोर सापडेल त्याला तासभर पिळलं असतं. जगाने त्याचा प्रतिस्पर्धी एलटीई, म्हणजे आजचं ४जी, उचललं आणि माझा शेअर रद्दीच्या भावात गेला. तेव्हा वाटलं, घोडा चुकीचा निवडला. बऱ्याच उशिरा कळलं की घोडा बरोबर निघाला तरी पैसे बुडतात.

उपग्रह फोनची सेवा देणाऱ्या इरिडियमचंच घ्या. ६६ उपग्रहांचं जाळं, नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू, ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरी. सुमारे ५ अब्ज डॉलर ओतून उभारलेलं ते जाळं नव्या मालकांना अडीच कोटी डॉलरच्या आसपास मिळालं. विकलं तेव्हा उपग्रह तेच होते, तंत्र तेच होतं, आणि ती सेवा अजूनही चालू आहे. समुद्राखालून फायबर टाकणारी ग्लोबल क्रॉसिंग जानेवारी २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली. फायबर काय हरलं होतं? उलट गरजेपेक्षा जास्तच जिंकलं! फायबरच्या एकाच काचेच्या तंतूतून प्रकाशाचे अनेक रंग एका वेळी पाठवता येऊ लागले, त्यात सगळ्यांनीच केबली टाकल्या होत्या. क्षमता मागणीच्या कितीतरी पुढे गेली आणि भाव कोसळले. कर्ज मात्र जुन्या भावांच्या भरवशावर काढलेलं होतं. त्या स्वस्त क्षमतेवर पुढे मजा केली ती व्हिडिओ आणि सर्चवाल्या कंपन्यांनी. टेलिकॉम आणि इंटरनेट कंपन्या पुष्कळदा एकाच यादीत धरल्या जातात, म्हणून मुद्दाम सांगतो: एकाचा खर्च हीच पुष्कळदा दुसऱ्याची कमाई असते.

आता मी आधी एक गुणोत्तर बघतो. फायबर कंपनी दोन आकडे देते: लाइन किती घरांसमोरून गेली आणि त्यातल्या किती घरांनी जोडणी घेतली. पहिला नेहमी मोठ्या अक्षरात असतो. समजा घरामागे १,००० खर्चून १०० घरांसमोरून लाइन नेली. २० घरांनी जोडणी घेतली तर एक गिऱ्हाईक ५,००० ला पडलं. रस्त्यावरून घरात वायर नेण्याचा खर्च वेगळाच. ४० घरांनी घेतली तर २,५००. तोच रस्ता, तीच काच. पण उद्या दुसऱ्या कंपनीने तोच रस्ता खणला की ४० चे पुन्हा २० व्हायला वेळ लागत नाही. म्हणून कुणाचं फायबर चांगलं यापेक्षा त्या रस्त्यावर आणखी कोण आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

५जीवरून घरी दिलेल्या इंटरनेटचं गणित निराळं. टॉवर आधीच उभा, रिकामी क्षमता पडलेली, ती विकली की जवळजवळ निव्वळ फायदा. अमेरिकेत टी-मोबाइल आणि व्हेरायझन या मोबाइल कंपन्यांनी असंच केबलवाल्यांचं गिऱ्हाईक ओढलं. पण टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते आणि घरातला टीव्ही मोबाइलपेक्षा कैकपट डेटा खातो, त्यामुळे रिकामी क्षमता संपली की हा धंदा एकदम महाग होतो. उपग्रहाचंही तसंच: विरळ वस्तीत राजा, दाट शहरात गर्दीच गर्दी.

मग कर्ज. वार्षिक अहवालाच्या मागच्या टिपांमध्ये कोणत्या वर्षी किती परतफेड आहे याचा तक्ता असतो, तो आधी काढा. एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीची कमाई, बघून हुरळून जाऊ नका. या धंद्यात दर काही वर्षांनी उपकरणं बदलावी लागतात आणि तो खर्च त्या आकड्यात दिसतच नाही. फ्रंटियर ही अमेरिकी फोन-इंटरनेट कंपनी तांब्याच्या जुन्या तारा आणि डोईजड कर्ज घेऊन एप्रिल २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. जुन्या भागधारकांच्या हाती भोपळा. वर्षभराने १० अब्ज डॉलरहून अधिक कर्ज उतरवून ती बाहेर आली, फायबर टाकत सुटली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये व्हेरायझनने तिच्या शेअरला ३८.५० डॉलर देऊ केले. म्हणजे फायबर चाललंच, फक्त पहिल्या भागधारकांसाठी नाही.

मोबाइल कंपन्यांना टॉवर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्या, कुणीही जिंको भाडं मिळतंच, असं सांगणारे भेटतील. बऱ्याच अंशी खरं आहे, पण २०२० मध्ये स्प्रिंट ही अमेरिकी मोबाइल कंपनी टी-मोबाइलमध्ये विलीन झाली आणि टॉवरवाल्यांचे दोन भाडेकरू एक झाले.

माझ्याकडे सध्या या क्षेत्रातला एकच शेअर आहे, एका छोट्या फायबर कंपनीचा. गेल्या तिमाहीपासून त्यांनी जोडणी घेतलेल्या घरांचा आकडा छापणं बंद केलंय. गुंतवणूकदार विभागाला दोनदा मेल केला. उत्तरात घरांसमोरून गेलेल्या लाइनचा आकडा आला, मोठ्या अक्षरात.