आवडलेल्या गाण्याच्या मागे मागे जा

प्रश्न : दादा, परवा मित्राच्या गाडीतून पामबीच रोडने येताना एक गाणं ऐकलं, सिंथ (सिंथेसायझर) एकदम ऐंशीच्या काळातला, बीट आजचा आणि वर सोल (अमेरिकन कृष्णवर्णीयांची भावुक गायकी) गाणाऱ्या बाईचा दमदार आवाज, वेडाच झालो. तेव्हापासून अ‍ॅपवर तसलंच शोधतोय पण ते तीच दहा-पंधरा गाणी फिरवून फिरवून देतंय. नवीन कुठे मिळेल?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी अ‍ॅपवर अवलंबून राहणं सोड. तू काय ऐकलंस एवढंच त्याला माहितीये, त्यातलं नेमकं काय तुला भिडलं, आवाज की सिंथ की बेस, हे तुलाच ठरवायचंय. ते ठरलं की क्रेडिट्स वाच, कोणी वाजवलं, कोणी गायलं आणि मुख्य म्हणजे सॅम्पल, म्हणजे जुन्या गाण्यातून उचललेला तुकडा, कुठलं घेतलंय.

माझंच सांगतो. डाफ्ट पंकचं 2001च्या अल्बममधलं 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर' मी कित्येक वर्षं ऐकत होतो आणि त्यातला तो कीबोर्डचा तुकडा या दोघा फ्रेंच पोरांचाच असं धरून चाललो होतो. मग कळलं की तो एडविन बर्डसाँगच्या 1979च्या 'कोला बॉटल बेबी'तला आहे. ठाण्याहून वाशी लोकल पकडली, ते जुनं गाणं लावलं आणि सुरुवातीलाच तो तुकडा आला, अंगावर काटाच आला. पुढे मात्र अख्खा बँड वाजतोय, माणसं गातायत, गाणं भलतीकडेच जातं, आणि मग रबाळे कधी गेलं घणसोली कधी गेलं काही पत्ता नाही. त्याच अल्बममधलं 'डिजिटल लव्ह' जॉर्ज ड्यूकच्या 1979च्याच गाण्यावर उभं आहे, म्हणजे तिथून ड्यूकचे सगळे अल्बम उघडले!

आता नवीन. केट्रानाडा या संगीतकारापासून सुरुवात कर, जन्म हैतीचा, वाढला मॉन्ट्रियलला, 2016चा '99.9%' आणि 2019चा 'बुब्बा' दोन्ही पूर्ण ऐक, गाणी सुटी सुटी नको. त्याचे ड्रम जरासे मागे रेलून वाजतात, त्यातच सगळी मजा आहे. मग लंडनचा 'जंगल' हा बँड, त्यांचा 2023चा 'व्होल्केनो' तुला नक्की आवडणार. या अल्बमांत पाहुणे गायक बरेच आहेत, त्यांच्या नावाने शोधलंस की एकेकाचं वेगळंच दुकान उघडतं.

आणि बँडकँपवर जा, कलाकारांचं संगीत विकत मिळतं ती साइट. तिथे अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या लोकांचे फोटो असतात, एखाद्यावर क्लिक केलं की त्याने आणखी काय काय घेतलंय ते दिसतं. तुझ्यासारखा कान असलेला एक माणूस सापडला की महिनाभराची सोय झाली. आवडलं तर विकत घे रे, छोट्या कलाकाराला त्याचाच आधार असतो.

प्रश्न : मुलगा हे सिंथ-बीटवालं संगीत मोबाईलवर ऐकवतो, मला नुसतं टिकटिक ऐकू येतं. मी आरडी ऐकत वाढलेली. मला यातलं काही रुचेल का?
– एक वाचक, ठाणे (नौपाडा)

उत्तर : काकू, शंभर टक्के रुचेल! मुंबईचे चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे, आरडींकडेसुद्धा, म्हणजे त्यांचा हात तुम्ही नकळत ऐकलेलाच आहे. 1982 मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर-8 हा सिंथ, 808 हे ड्रमचं यंत्र आणि 303 हे बेसचं, आणि डिस्को बीटवर दहा राग वाजवले. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. 303 ने शिकागोत अ‍ॅसिड हाऊस हा नाचाच्या संगीताचा प्रकार घडवला ते त्यानंतर काही वर्षांनी, आणि 2010 मध्ये हा अल्बम परत निघाला तेव्हा जगभरचे डीजे चकित झाले. भैरव लावा, तुमच्या ओळखीचा आहे.

फक्त मोबाईलच्या स्पीकरवर नको. एवढ्याशा स्पीकरला खालचे सूर काढताच येत नाहीत, त्यामुळे बेस आणि किक (मोठ्या ड्रमचा ठोका) गायब होतात आणि उरते ती टिकटिक. मुलाचे हेडफोन मागून घ्या, तेच गाणं परत लावा.