आधी खलबत्ता, मग रेकॉर्डर

अगं,

कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या कंबोडियन आजींकडून आठवणी आणि पाककृती टिपायला केलेली तुझी प्रश्नावली वाचली. पहिलाच प्रश्न, '१९७५ साली तुमच्या घरात काय घडलं?', तो खोड. माझ्या पहिल्या मुलाखतीत मीही असाच रेकॉर्डर पुढे सरकवला होता. बाई उठल्या, चहाचं आधण ठेवलं आणि तासभर ओट्यापाशी भांडीच पुसत राहिल्या.

लाँग बीचला त्या आजींना नावाने हाक मारू नकोस. 'येय' म्हण, ख्मेरमध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत, आजीला तेच म्हणतात. मग खलबत्ता मागून घे. गवती चहाचे पांढरे बुडखे, कुलिंजन, ओली हळद, थाई लिंबाची पानं, लसूण, छोटे कांदे हे सगळं कुटलं की 'क्रुंग' होतं, त्यांच्या कितीतरी पदार्थांचं वाटण. तुझ्या कुटण्यात गवती चहाचे धागे राहिले तर त्या हातातून बत्ता काढून घेतील. घेऊ दे. बोलणं बहुधा तिथूनच सुरू होतं.

तारखा तुला पाठ आहेत. १७ एप्रिल १९७५ ला राजधानी फ्नॉम पेन्ह ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या हाती पडलं, ७ जानेवारी १९७९ ला त्यांची सत्ता गेली, मध्ये १५ ते २० लाख माणसं मेली. पण त्या राजवटीने घरोघरच्या चुली विझवल्या होत्या, हे विसरू नकोस. जेवण सामुदायिक भोजनशाळेत, तेही शितं मोजून घ्यावीत अशी पेज. भुकेपोटी चोरून काही मिळवलं तर मार, कधी जीवच जायचा. तेव्हा येय 'मूठभर' म्हणाल्या की 'म्हणजे किती ग्रॅम?' विचारून त्यांना अडवू नकोस. त्यांनी घातलेली मूठ गुपचूप काट्यावर तोल.

डोनटच्या दुकानाचा विषय निघाला तर घाई करू नकोस. कॅलिफोर्नियात कितीतरी कंबोडियन निर्वासितांचे संसार त्या धंद्यावर उभे राहिले.

प्राहोक, म्हणजे खारवून आंबवलेले मासे, उग्र वासाचे असतात. सुकटीवर वाढलेल्या मुलीने नाक मुरडायचं नाही. आणि पाककृतीत 'आवडत नसल्यास वगळा' लिहायचं नाही, संपादकांनी सांगितलं तरी.

जमलं तर प्चुम बेन या त्यांच्या पितरांच्या सणाला जा. तो साधारण आपल्या पितृपक्षातच येतो. पितरांसाठी तीळ घालून भाताचे गोळे वळतात, 'बाय बेन'. त्यातला 'बेन' म्हणजे आपला पिंडच. ज्यांची तिथी ठाऊक नाही, देहही सापडला नाही, त्यांच्यासाठीही. त्या पहाटे रेकॉर्डर पिशवीतच राहू दे, गोळे वळायला बस.

पहिली फीत पाठवशील तेव्हा मधला कुटण्याचा आवाज कापू नकोस.

तुझी,
मावशी