मियाटासाठी बंद ट्रेलर: विकत घ्यावा की भाड्याने आणावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे राहणाऱ्या एका वाचकांकडे 2008 ची माझदा मियाटा ही दोन आसनी छोटी स्पोर्ट्स कार आहे आणि वर्षातून सात-आठ शनिवार-रविवार ते ती थंडरहिल, सोनोमा किंवा लगुना सेका येथील ट्रॅकवर चालवतात. आजवर गाडी ते स्वतःच चालवत नेत होते. गेल्या हंगामात थंडरहिलला क्लच निकामी झाला आणि गाडी दुसऱ्याच्या ट्रकवर घालून घरी आणावी लागली. तेव्हापासून 24 फुटी बंद ट्रेलर सुमारे 14,000 डॉलरला घ्यावा, घरची टोयोटा हायलँडर हायब्रिड 20,000 डॉलरला देऊन टाकून 38,000 डॉलरचा वापरलेला पिकअप आणावा आणि कमी पडणारी रक्कम घराच्या तारणावर मिळालेल्या कर्जमर्यादेतून उचलावी, असा त्यांचा बेत आहे. आणीबाणीचा निधी चार महिन्यांच्या खर्चाएवढा आहे, दोन मुले आहेत आणि कमावणारे ते एकटेच आहेत. पत्राच्या शेवटी त्यांच्या पत्नींनी एक ओळ जोडली आहे: ट्रेलर भाड्याने मिळत असताना तो विकत कशासाठी घ्यायचा?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. छंदावर पैसे खर्च करू नयेत असे सांगण्यासाठी हे उत्तर नाही. निवृत्तिनिधीत आणि मुलांच्या शिक्षणासाठीच्या 529 बचत खात्यांत नियमित भरणा चालू असल्याचे तुम्ही कळवले आहे, तेव्हा ट्रॅकवर जाणे तुम्हाला परवडते. प्रश्न एवढाच आहे की गाडी तिथपर्यंत नेण्याच्या सोयीसाठी किती किंमत मोजायची, आणि तुमच्या पत्रात ती किंमत 14,000 डॉलर धरलेली आहे, ती तशी नाही.

कॅलिफोर्नियात जुनी गाडी विक्रेत्याला देऊन नवी घेतली तरी विक्रीकर नव्या गाडीच्या पूर्ण किमतीवर लागतो, जुन्या गाडीची किंमत त्यातून वजा होत नाही. फ्रीमाँटमध्ये हा कर दहा टक्क्यांच्या वर आहे. पिकअप आणि ट्रेलर मिळून 52,000 डॉलरवर किमान 5,200 डॉलर कर झाला. ट्रेलर जोडायची हिच, पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर, गाडी ओढून ट्रेलरवर चढवणारी विंच, बांधायचे पट्टे, सुटे चाक असा सरंजाम धरला की आणखी सुमारे 2,000 डॉलर जातात. हायलँडरचे 20,000 वजा केले तरी कर्जमर्यादेतून उचलायची रक्कम 39,000 डॉलरच्या घरात जाते. व्याजदर आठ टक्के धरला तर पहिल्या वर्षाचे व्याजच 3,100 डॉलर होते. हा दर बदलता असतो. शिवाय अशा कर्जाच्या व्याजाची आयकरात वजावट फक्त घर घेणे, बांधणे किंवा त्यात मोठी सुधारणा करणे यासाठीच मिळते, ट्रेलरसाठी मिळत नाही, त्यामुळे पत्रात तुम्ही गृहीत धरलेली करबचत हिशेबातून काढून टाका.

वर्षाचा खर्च मांडू. व्याज 3,100. तुमच्या वसाहतीच्या नियमांत घरासमोर ट्रेलर उभा करता येत नाही, आणि पुढच्या दांड्यासह अठ्ठावीस फुटांच्या आसपास जाणाऱ्या ट्रेलरला बे एरियात जागा भाड्याने घ्यायची तर महिना 200 डॉलर हा माफक अंदाज आहे, म्हणजे वर्षाला 2,400. हायब्रिड गॅलनला 35 मैल देत असेल आणि पिकअप 20, तर वर्षाच्या 12,000 मैलांना 257 गॅलन जादा लागतील, म्हणजे 4.75 डॉलरच्या भावाने 1,200 डॉलरच्या वर. हे इंधन ट्रेलर न जोडता रोज ऑफिसला आणि मुलांच्या शाळेला जाण्यात जळणार आहे, ते ट्रॅकच्या खर्चात तुम्ही धरलेच नव्हते. दोन्ही वाहनांचा जादा घसारा 2,000 आणि विमा, टायर, बेअरिंग यांचे 800 धरले की बेरीज 9,500 डॉलरपर्यंत जाते. आठ फेऱ्यांवर ती वाटली तर प्रत्येक फेरीला जवळजवळ 1,200 डॉलर पडतात, आणि यात ट्रॅकची प्रवेश फी, टायर, ब्रेक पॅड यांतले काहीच आलेले नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो प्रकार हाच.

भाड्याची बाजू पाहू. तुमच्या पत्नींचा प्रश्न रास्त आहे, पण तो अर्धाच आहे. ट्रेलर भाड्याने मिळेल, तो ओढणार कोण? हायलँडर हायब्रिडची ओढण्याची मर्यादा 3,500 पौंड आहे. यू-हॉल या वाहने भाड्याने देणाऱ्या कंपनीचा गाडी वाहून नेणारा ट्रेलर रिकामा असताना 2,210 पौंड भरतो आणि तुमची मियाटा साधारण 2,500 पौंडांची आहे, म्हणजे हत्यारांची पेटी आणि टायरांचा जादा संच ठेवण्यापूर्वीच 4,700 पौंड झाले. 1,350 पौंडांचा हलका ॲल्युमिनियमचा ट्रेलर आणला तरी बेरीज 3,850 वर जाते. हायलँडर ट्रेलर हलवील, चढही चढेल, पण फ्रीमाँटजवळच्या सनोलच्या उतारावर तो थांबवताना काय होईल हा खरा मुद्दा आहे, आणि मर्यादेबाहेरचे वजन ओढताना अपघात झाला तर विमा कंपनीचे प्रश्नही त्याच रोखाने येतील.

म्हणून भाड्याचा हिशेब पिकअपसह करावा लागतो. अनेक कंपन्या आपल्या पिकअपने ट्रेलर ओढू देत नाहीत, तेव्हा तशी परवानगी देणारी कंपनी आधी शोधून ठेवा. फ्रीमाँटहून विलोजजवळच्या थंडरहिलला जाऊन-येऊन सुमारे 300 मैल होतात. मैलाला 90 सेंट धरले तर 270 डॉलर, दोन दिवसांचे पिकअपचे मूळ भाडे 40, ट्रेलरचे 130 आणि विम्याचे 50, असे 490 होतात, वर पेट्रोल. ते पेट्रोल स्वतःच्या पिकअपलाही लागेलच, म्हणून दोन्हींकडून सोडून देतो. वर्षाच्या आठ फेऱ्या म्हणजे 4,000 डॉलरच्या आत. सोनोमा आणि लगुना सेका जवळ असल्याने प्रत्यक्षात रक्कम याहून कमीच राहील. यू-हॉलच्या ट्रेलरला सर्ज ब्रेक असतात, म्हणजे पुढची गाडी थांबू लागली की ट्रेलरच्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात, त्यामुळे पिकअपमध्ये वेगळा कंट्रोलर लागत नाही. गैरसोय आहे ती वेगळ्या ठिकाणी. ट्रेलरचा मडगार्ड उंच आणि मियाटा बुटकी, त्यामुळे गाडी वर चढवल्यावर दार नीट उघडेल की नाही हे एकदा रिकाम्या वेळी जाऊन पाहावे लागेल. स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली असेल तर बंपरची खालची कड रॅम्पला घासते आणि चाकांखाली लाकडी फळ्या ठेवाव्या लागतात.

मधला मार्ग म्हणजे पिकअप घ्यायचा, पण ट्रेलर जुना, उघडा, लोखंडी, 4,500 डॉलरच्या आसपासचा. हा हिशेब मी वेगळा करून पाहिला. कर्ज 28,000 डॉलरपर्यंत उतरते आणि वर्षाचा खर्च 6,900 च्या आसपास येतो. भाड्याच्या 490 शी तुलना केली तर वर्षाला चौदा फेऱ्या होत असतील तेव्हा कुठे बरोबरी होते. तुमच्या आठ होतात. मुले मोठी होत जातील तसे शनिवार-रविवार त्यांच्या वेळापत्रकात अधिक जातील असा माझा अनुभव आहे, म्हणून चौदावर जाण्यापेक्षा आठाचे पाच होण्याची शक्यता मला अधिक दिसते.

बंद ट्रेलरचा मोह मी समजू शकतो. आत कपाट करता येते, पावसात काम करता येते, गाडी कोणाच्या नजरेला पडत नाही. पण वजनाकडे पाहा. 24 फुटी बंद ट्रेलर रिकामाच 3,500 ते 4,000 पौंडांचा असतो, आणि बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेकांना प्रत्येकी 3,500 पौंड पेलणारे दोन आस (ॲक्सल) असून एकूण मर्यादा 7,000 पौंड असते. त्यात मियाटा आणि 800 पौंडांचे सामान ठेवले की मर्यादा गाठली किंवा ओलांडलीही. म्हणजे 5,200 पौंडांचे आस असलेला ट्रेलर हवा, आणि तो 14,000 ला मिळणे अवघड. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर यायला हवा. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. 7,200 पौंडांवर पंधरा टक्के म्हणजे 1,080 पौंड, आणि तुम्ही चौघे मिळून 550. एकूण 1,630 झाले. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल ते छापलेले असते. अर्ध्या टनी म्हणवणाऱ्या पिकअपच्या अनेक प्रकारांत तो आकडा 1,500 च्या आसपास असतो. जाहिरातीत ओढण्याची क्षमता 11,000 पौंड लिहिलेली असली तरी हा स्टिकर आधी आडवा येतो. कोणताही पिकअप पाहायला जाल तेव्हा किंमत विचारण्यापूर्वी ते दार उघडा.

ट्रेलर मित्रांना भाड्याने देऊन हप्ता काढता येईल, असेही तुम्ही लिहिले आहे. हा विचार सोडून द्या. खासगी विमा पॉलिसीत भाड्याने दिलेल्या वस्तूला सहसा संरक्षण नसते, आणि दुसऱ्याने वाईट बांधलेली गाडी फ्रीवेवर सुटली तर तुमचे घरही दाव्याच्या कक्षेत येऊ शकते. स्वतः वापरतानाही विमा कंपनीला लेखी विचारा. ओढणाऱ्या गाडीचे दायित्व संरक्षण सहसा जोडलेल्या ट्रेलरला लागू होते, पण ट्रेलरचे स्वतःचे नुकसान वेगळी तरतूद केल्याशिवाय भरून मिळत नाही, आणि ट्रॅकवर झालेले नुकसान बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेले असते.

तेव्हा माझा सल्ला असा आहे. गृहतारणाच्या कर्जमर्यादेला हात लावू नका. कमावणारे एकच असताना चार महिन्यांचा निधी मला अपुरा वाटतो, तो आधी सहा महिन्यांवर न्या. येत्या हंगामात जवळच्या ट्रॅकवर मियाटा स्वतःच चालवत न्या, कारण ती अजून रस्त्यावर चालवण्याजोगी आहे, आणि थंडरहिलच्या फेऱ्यांना पिकअप व ट्रेलर भाड्याने आणा. एका क्लचच्या घटनेवर 39,000 डॉलरचा निर्णय उभा राहू नये. लांब अंतरापर्यंत गाडी उचलून आणणारी रस्ता-साहाय्य सदस्यता घ्या, मात्र ती ट्रॅकच्या फाटकाच्या आत येते की नाही हे आधी वाचा. नसेल तर गाडी फाटकापर्यंत ढकलत आणावी लागेल, एवढेच.

हायलँडर कधीतरी बदलायची वेळ येईलच. तेव्हा घरच्या गरजेसाठीच 5,000 पौंड ओढणारी गाडी निवडली आणि तिच्याबरोबर हलका, उघडा ॲल्युमिनियमचा ट्रेलर घेतला, तर ट्रेलर, मियाटा आणि 300 पौंडांचे सामान मिळून 4,150 पौंड होतात आणि पिकअपशिवाय भागते. असा ट्रेलर नवा असताना महाग असतो, पण गंजत नाही आणि विकताना बरी किंमत देतो. मला तुमच्यासाठी हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो, फक्त तो आजचा नाही.

त्या वेळी जुना ट्रेलर पाहायला गेलात तर टायरची नक्षी पाहून समाधान मानू नका. टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहा: 2319 असेल तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे, आणि उभ्या ट्रेलरचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा, बेअरिंग खरखरत असेल तर आवाज येतोच. दोन्ही आसांवर विजेचे ब्रेक आहेत का, ट्रेलर सुटल्यास ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेची बॅटरी जिवंत आहे का, आणि कागदपत्रे विकणाऱ्याच्याच नावावर आहेत का, हे तिन्ही पाहा. कॅलिफोर्नियात ट्रेलरला कायमस्वरूपी पाटी मिळते आणि दर पाच वर्षांनी किरकोळ शुल्क भरावे लागते, त्यामुळे नोंदणीचा खर्च मोठा नाही.

सरंजामात पैसे वाचवायचे असतील तर विंचवर वाचवा, मियाटा दोघे मिळून ढकलू शकता. ब्रेक कंट्रोलरवर आणि पट्ट्यांवर वाचवू नका. दोन इंची रॅचेट पट्ट्यावर 10,000 पौंड लिहिलेले असते ते तुटण्याचे वजन असते, वापरायचे वजन 3,333 पौंड असते, आणि असे चार पट्टे लागतात. भरलेला ट्रेलर पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर न्या. पंधरा-वीस डॉलरमध्ये प्रत्येक आसावरचे वजन छापून मिळते, आणि गाडी पुढे-मागे सरकवून हिचवरचा भार कसा बदलतो हे तिथेच कळते. ट्रेलर जोडलेल्या वाहनाला या राज्यात ताशी 55 मैलांची मर्यादा आहे, म्हणून थंडरहिलला पोचायला तीन तास धरा आणि सकाळच्या चालक-बैठकीची वेळ त्याप्रमाणे गाठा.