हा 11 कुणाच्या चिठ्ठीवर आहे?

सुदामानगरच्या एक ताई नववीला शिकवतात. त्या विचारतात: वारंवारता सारणीत (कोणता आकडा किती वेळा आला त्याचा तक्ता) दोन कॉलम दिसले की मुलं म्हणतात दोन चल (प्रत्येकाबद्दल नोंदवलेल्या बदलत्या गोष्टी) आहेत. कसं समजावू?

ताई, कॉलम मोजायची सवय आपणच लावतो हो मुलांना. मी वर्गात प्रत्येकाला कोरी चिठ्ठी देते, सकाळी किती जलेब्या खाल्ल्या तो आकडा लिहा म्हणते, मग चिठ्ठ्या गोळा करून फळ्यावर सारणी, 0 जलेब्या 6 मुलं, 1 जलेबी 11 मुलं, असं. आणि विचारते, हा 11 कुणाच्या चिठ्ठीवर आहे? कुणाच्याच नाही! तो आपण चिठ्ठ्या मोजून काढला, म्हणजे चल एकच, जलेब्या. त्याच चिठ्ठीवर पोह्यांच्या प्लेटी पण लिहायला लावल्या की झाले दोन चल, कारण आता दोन्ही आकडे एकाच मुलाचे, जोडीने आलेले.

अ आणि ब तुकडीचे मार्क शेजारी ठेवून स्कॅटर (प्रत्येक जोडीला एक टिंब देणारा ग्राफ) काढला तर चालेल का?

नाही. अ मधला रोल नंबर 7 आणि ब मधला 7 यांचा एकमेकांशी काय संबंध? इथे प्रत्येक चिठ्ठीवर मार्क आणि तुकडी असतात, म्हणजे चल दोन आहेत खरे, पण तुकडी हे नाव आहे, आकडा नाही, म्हणून दोन बॉक्स प्लॉट (मार्क कुठून कुठे पसरलेत ते दाखवणाऱ्या पेट्या) एकाखाली एक काढा. इंग्रज शास्त्रज्ञ गाल्टनने 1886 मध्ये 205 आईबापांच्या जोड्या आणि त्यांची 928 मोठी झालेली मुलं यांच्या उंच्या मांडल्या, तिथे माणसं वेगळी असूनही जोडी खरी होती, मूल त्याच घरचं ना. अशा डेटातला एक कॉलम वर्गात पत्त्यांसारखा पिसून दाखवा, दोन्ही सरासऱ्या जशाच्या तशा राहतात पण नातं पार विस्कटतं, मुलांना हे एकदा डोळ्यांनी दिसलंच पाहिजे.

इंदूरचं मे महिन्यातलं रोजचं तापमान, एक चल की दोन?

प्रश्न काय आहे ते बघा. मे मध्ये साधारण किती तापतं, तर एक. महिना सरकेल तसं वाढलं का, तर तारीख पण आली, दोन.

अकरावीची मुलं सहसंबंध गुणांक (दोन चलांचं नातं किती घट्ट ते सांगणारा आकडा) पटकन काढतात, मग ग्राफ कशाला?

संख्याशास्त्रज्ञ अँस्कोम्बने 1973 मध्ये 11-11 टिंबांचे चार संच दिलेत, चारींचा गुणांक जवळपास 0.82. ग्राफ काढला की एक रेषेभोवती विखुरलेला, दुसरा कमानीसारखा वळलेला, आणि चौथ्यात तर एकच लांबचं टिंब सगळं नातं उभं करतंय, ते बोटाने झाका, काहीच उरत नाही. चारही मुलांना हाताने काढू द्या, अख्खा पिरियड गेला तरी जाऊ द्या.