कॅपवर ‘उपचार’ की ‘संस्कार’?

एका दंतवैद्य वाचकाचा प्रश्न आहे. थ्रीडी प्रिंटरवर छापलेली दाताची कॅप सिमेंटने बसवण्याआधी तिची आतली बाजू तयार करून घेतात. त्याला ‘सरफेस ट्रीटमेंट’ म्हणतात. रुग्णांच्या माहितीपत्रकात त्याचं ‘पृष्ठभागावर उपचार’ असं मराठी झालं आहे. ते बरोबर आहे का?

मला ते चुकीचं वाटतं. उपचार आजाऱ्यावर होतात. पत्रक वाचणाऱ्याला वाटेल, कॅप बिघडलेली निघाली म्हणून दुरुस्त करून बसवली.

आधी काम काय आहे ते पाहू. रेझिनची, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाची, छापलेली कॅप अल्कोहोलमध्ये धुऊन प्रकाशात पक्की करतात. इतक्या पक्क्या झालेल्या रेझिनमध्ये नव्या सिमेंटला धरायला जागा फार उरत नाही. म्हणून साधारण ५० मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनाच्या कठीण कणांचा १ ते २ बार दाबाने आतून मारा करतात. एका लॅबमध्ये हे मी जवळून पाहिलं. काही सेकंदांत आतली चकाकी जाऊन ती बाजू खडूसारखी निस्तेज दिसू लागली.

मला आजीचा पाटा आठवला. पाटा गुळगुळीत झाला की वाटण नुसतं सरकतं. मग टाकी लावणारी बाई दारावर आली की आजी तिच्याकडून छिन्नीने त्यावर बारीक टिंबं पाडून घ्यायची. ‘टाकीचे घाव’ म्हणतो त्यातली ही टाकी. टाकी लावल्यावरचं पहिलं वाटण आजी टाकून द्यायची, कारण त्यात दगडाची कच असायची. इथेही माऱ्यानंतर उरलेली भुकटी नीट साफ करावी लागते, नाहीतर सिमेंट कॅपऐवजी त्या भुकटीलाच धरतं. गवंडीही प्लास्टरआधी गुळगुळीत काँक्रीटला टाचे मारतो, म्हणजे प्लास्टर ‘धरतं’. सिमेंट आणि कॅपच्या ‘बाँडिंग’साठी मला हेच क्रियापद आवडतं, आणि नाम हवं तर ‘पकड’. ‘चिकटणे’ने फक्त गोंदाची आठवण होते.

पण सगळ्या कामाला ‘टाकी लावणे’ म्हणता येणार नाही. एक तर दवाखान्यात त्याचा ‘टाके घालणे’शी गोंधळ होईल. दुसरं म्हणजे खरखरीतपणा हा कामाचा एक भाग झाला. रेझिनमध्ये काचेचे बारीक कण असतील तर वरून सायलेन नावाचं जोडणारं रसायन लावतात. ते एका हाताने काच आणि दुसऱ्या हाताने सिमेंट धरतं. कॅप झिर्कोनिया या सिरॅमिकची असेल तर त्यात काच नसते, म्हणून तिथे एमडीपी हे रसायन असलेलं प्रायमर, म्हणजे सिमेंटआधीचा लेप, लागतं. एमडीपी आपल्या फॉस्फेट गटाने झिर्कोनिया धरतं. तोंडात मापाला लावून पाहताना लाळ लागली, तर लाळेतले फॉस्फेट झिर्कोनियावरची तीच जागा अडवतात आणि कॅप पुन्हा साफ करावी लागते.

या सगळ्याला मिळून ‘संस्कार’ हा शब्द नेमका बसतो. वस्तूत आधी नसलेला गुण आणणं म्हणजे संस्कार. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या धातू-खनिजांच्या औषधशाखेत, पाऱ्यावर १८ संस्कार सांगितले आहेत, तेही याच अर्थाने. ‘प्रक्रिया’ चुकीचा नाही, पण तो दुधापासून सांडपाण्यापर्यंत कशालाही लागतो. लेखात ‘पृष्ठसंस्कार’ खुशाल लिहा.

रुग्णाच्या पत्रकात मात्र तोही नको. तिथे एवढंच पुरे: ‘सिमेंटने घट्ट धरावं म्हणून कॅपची आतली बाजू खरखरीत आणि स्वच्छ करून घेतली आहे.’